ढेकरांचा वर्ग

चंदनसारच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी पाच-सहा माणसं जमत आणि तासभर ढेकर देत. खालच्या मजल्यावरच्या पिंकीने काही शनिवार निमूटपणे ऐकून घेतलं. मग न राहवून तिने मीराला जिन्यात गाठलं.

"आंटी, तुम्ही खानावळ चालू केली का? नाही म्हणजे, आवाज येतो ना. लोक एकदम पोटभर जेवल्यासारखे वाटतात. आमच्या ह्यांना पण डबा पाहिजे होता."

मीराने खरं काय ते सांगितलं. पिंकी ओशाळली, आणि त्यानंतर मीराचा नवरा चंद्रहास जिन्यात दिसला की हात जोडू लागली. चंद्रहासला खानावळीचा संशयच जास्त आवडला होता.

चंद्रहास तिरोडकर एसटीत वाहतूक नियंत्रक होता. डेपोतल्या खिडकीत बसून त्याने उभी नोकरी माइकवरून गाड्या पुकारण्यात घालवली. ती घोषणा कधी कुणाला कळली असं त्याला स्वतःलाही वाटत नाही. ती संपली की उतारू खिडकीशी येऊन विचारत, "काय म्हणाले?" निवृत्तीनंतर घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आधी काढलं असतं तरी कामात विशेष फरक पडला नसता, असं तो सांगे. त्याने संकटाला तोंड दिलं, असं लोक म्हणत. खरं तर त्याने गळा दिला होता. पण सत्काराच्या भाषणात असल्या दुरुस्त्या चालत नाहीत.

स्वरयंत्र गेलं की माणूस मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. नाकातोंडाचा वाऱ्याशी संबंध उरत नाही. मग बोलायचं तर मानेला एक यंत्र टेकवायचं, ते गुणगुणतं. नाहीतर हवा गिळायची, ती अन्ननळीतून परत वर आणायची आणि येता येता तिचे शब्द करायचे. साध्या मराठीत, ढेकर देत बोलायचं. लहानपणी पंगतीत ढेकर दिला म्हणून ज्या माणसाने आईचे धपाटे खाल्ले, त्याला साठीत तोच गुण पैसे देऊन शिकावा लागला. हॉस्पिटलातल्या स्वप्ना मॅडमनी त्याला चिकाटीने शिकवलं. तो बोलू लागला, आणि मग तिथेच त्याची चूक झाली. मॅडम एकदा जेवायला गेल्या असताना तो समोरच्या नव्या पेशंटशी बोलत बसला. मॅडम परत आल्या तर पेशंट हसत होता. तेव्हापासून वसई-विरार बाजूचा जो कोणी या ऑपरेशनमधून निघेल, तो मॅडम चंद्रहासकडे धाडू लागल्या.

या बोलण्यात प, ट, क ही अक्षरं लवकर येतात. ओठ-जीभ दाबली की तीच थोडी हवा आत ढकलतात. स्वर अवघड. न अवघड. ह तर जवळजवळ गेलाच. म्हणजे 'नाही' म्हणणं कठीण. 'हो' म्हणणंही कठीण, म्हणून चंद्रहास नुसती मान हलवी. आणि कुठल्याही दिशेने हलवलेल्या मानेचा अर्थ लोक 'हो' असाच घेत. त्याचं समाजकार्य वाढलं ते असं.

वर्गात पहिला शब्द 'पाव'. सगळ्यांनी गोल बसायचं, सोड्याचा घोट घ्यायचा आणि एकदम म्हणायचं, पाव. एकट्याने म्हणायचा नाही. सगळे मिळून म्हटलं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही आणि लाज वाटत नाही. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. लाजेच्या अनुभवातून आलेली होती.

आठ वर्षं हे चाललं होतं आणि चंद्रहास आता दमला होता. एकेक वाक्य म्हणजे विहीर खोल गेलेल्या गावातला हापसा; दहादा दांडा मारावा तेव्हा कळशीभर बोलणं. शिवाय वर्गातून माणसं दोन कारणांनी जात. काहींना बोलता येऊ लागलं म्हणून. काहींचं दुखणं परत यायचं. रोनाल्ड नावाचे एक निवृत्त शिक्षक 'चहात साखर कमी घाल' इथपर्यंत आले होते, अगदी स्पष्ट. गणपतीच्या सुमाराला ते गेले. त्यांच्या बायकोने फोन करून सांगितलं, "शेवटपर्यंत साखरेवरून बोलत होते हो माझ्याशी." चंद्रहासने फोन ठेवला, आणि तो शनिवार त्याला फार लांबला.

त्यामुळे त्याने मनाशी ठरवलं होतं, वर्ग बंद करायचा. फक्त बंद करायचा तरी कसा? चांगलं काम सोडायला आपल्याकडे सभ्य रस्ता नाही. वाईट काम माणूस कधीही सोडू शकतो, लोक कौतुक करतात.

हा रस्ता हर्षवर्धनने काढून दिला. हर्षवर्धन हा तिथला तरुण समाजसेवक. निवडणूक जवळ आली की तो जास्त तरुण दिसे. वसई-विरारमधल्या जिद्दी माणसांचा सत्कार त्याने नाताळनंतरच्या रविवारी सकाळी ठेवला होता. कार्यक्रमाचं नाव, 'संकटातून संकल्पाकडे'. चंद्रहासचा फोटो बॅनरवर लागलासुद्धा. तो संकट की संकल्प, एवढं फक्त बॅनरवरून कळत नव्हतं.

"काका, तुमची स्टोरी लोकांना हलवते," हर्षवर्धन म्हणाला. "फक्त दहा मिनिटं बोला. पाच मिनिटं ट्रॅजेडी, पाच मिनिटं पॉझिटिव्ह."

"ट्रॅजेडीला. पाच. पुरत नाहीत," चंद्रहास म्हणाला.

"मग पॉझिटिव्ह तीन करू."

चंद्रहासने मान हलवली. त्याने हिशेब केला होता: शाल अंगावर पडली की तिथेच जाहीर करायचं, आता मी थांबतो. सत्कारानंतर थांबलेल्या माणसाला कोणी पळपुटा म्हणत नाही. त्याच आठवड्यात स्वप्ना मॅडमचा मेसेज आला होता: 'अर्नाळ्याचे एक पेशंट आहेत. नवीन वर्षात पाठवू का?' त्याने तो वाचला, आणि उत्तर दिलं नाही.

वर्गात एकच काम अडकलं होतं, ते म्हणजे कॉन्रॅड.

कॉन्रॅड गिरीजचा वाडीवाला. केळी, नारळ, कडेने वांगी-पडवळ. शनिवारी स्कूटरवर राजेळी केळ्यांची फणी बांधून तो चंदनसारला येई. वर्गातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी. चार महिन्यांत तो बायकोशी, कॅथरिनशी, भांडण्याइतका बोलू लागला होता. यंत्र त्याने एकदाच मानेला लावलं. "वाडीतला पंप बोलतो की नवरा, कळत नाही," असं कॅथरिन म्हणाली, आणि यंत्र कपाटात गेलं.

त्याची मुलगी एलिसा हिचं लग्न ठरलं होतं, निर्मळच्या जॉयलशी. त्यांच्याकडे मुलगी चर्चला निघण्यापूर्वी घरच्या अल्तारासमोर, म्हणजे देव्हाऱ्यासमोर, गुडघे टेकते आणि बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणतो, मोठ्याने, साऱ्या आप्तांसमोर. कॉन्रॅड ऑपरेशनला तयार झाला होता तो एवढ्यासाठी: जगलो तर हे करता येईल. आणि आता चांगलं बोलता यायला लागल्यावर तो म्हणत होता, मी करणार नाही.

"का?" चंद्रहासने विचारलं.

"अल्तारासमोर. ढेकर द्यायचा?" कॉन्रॅड म्हणाला. "मी पोरांना जेवताना. ढेकर दिला. म्हणून उठवलंय. ताटावरून."

"हा ढेकर. तो ढेकर नाही."

"ऐकणाऱ्याला. काय कळतं?"

मुद्दा बिनतोड होता.

"तू तुझ्या. गणपतीसमोर. बोललास?" कॉन्रॅडने विचारलं.

"पहिल्या वर्षी. नुसत्या टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी. आरती म्हटली."

"मग?"

"भटजींनी वर बघितलं. गणपतीने नाही." चंद्रहासने हवा घेतली. "एकवीस मोदक ठेवतो. आम्ही त्याच्यापुढे. ढेकराचं त्याला. काय वाटणार?"

"तुमचा देव. खाणारा," कॉन्रॅड उदासपणे म्हणाला. "आमचा चाळीस दिवस. उपाशी होता."

स्वयंपाकघरातून मीरा म्हणाली, "अहो, फादरना विचारा ना सरळ. देवाच्या गोष्टीत तुम्ही दोघं कशाला भांडताय?"

तेव्हा दोघे फादरकडे गेले. फादर नुकतेच बदलून आले होते, तिशीतले; नाताळच्या तयारीने त्यांचे डोळे तांबारले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कॉन्रॅड अंकल," ते म्हणाले, "सकाळच्या मिस्साला पहिल्या तीन बाकांवर कोण बसतं, तुम्हाला माहीत आहे. सगळे पासष्टच्या पुढचे. सगळे नाश्ता न करता, नुसता चहा पिऊन येतात. मी तिथे उभा असतो. देवाला सवय आहे."

चंद्रहासचे खांदे हसण्याने हलले. कॉन्रॅडचे हलले नाहीत. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "फादर तरुण आहेत," आणि स्कूटर चालू केली.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

रविवार उजाडला. चंद्रहासने इस्त्रीचा सदरा घातला, मानेवरचा रुमाल बदलला, आरशासमोर एकदा "आता मी थांबतो" म्हणून पाहिलं. थ अडखळत होता. एलिसाचं लग्नही त्याच दिवशी होतं, पण तिथे तो संध्याकाळच्या जेवणाला जाणार होता; सकाळ हर्षवर्धनची. रिक्षा बोलावली, आणि फोन वाजला. कॅथरिन होती.

"भाऊ, दोन दिवस झाले, तोंडातून शब्द काढला नाही ह्याने. काल जॉयलच्या काकांना खुणेने सांगितलं, प्रार्थना तुम्ही म्हणा. पोरगी सकाळपासून बोलत नाही कुणाशी. घरात आता दोघं मुके झालेत. मी काय करू?"

चंद्रहासने मीराकडे पाहिलं. स्पीकर चालू होता.

"जायचंय ना तुम्हाला?" मीरा म्हणाली.

"शाल," चंद्रहास म्हणाला.

"शाल मी आणते. तुमच्या मापाची नसते ती कधीच."

"मी आज. जाहीर करणार होतो."

"माहितीये मला काय जाहीर करणार होता. आरसा न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे. जा."

रिक्षावाल्याला त्याने गिरीज सांगितलं. रस्ताभर तो स्वतःवर चिडला होता. सुटकेचं तिकीट हातात असलेला माणूस उलट्या गाडीत बसला होता, आणि गाड्यांच्या बाबतीत ही चूक करणं त्याच्या पेशाला शोभणारं नव्हतं.

कॉन्रॅडच्या अंगणात मांडव होता. बॅन्डवाले केळीच्या आडोशाला वाद्यं घेऊन बसले होते. घरात लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढे, सुटाबुटातले पुरुष मागे, आणि अल्तारासमोर मेणबत्त्या. जॉयलचे काका प्रार्थनेचा कागद घेऊन तयार उभे होते. एलिसा पांढऱ्या पोशाखात आली, गुडघे टेकले, आणि मागे न बघता म्हणाली, "काका, तुम्ही नको. डॅडी हात ठेवत नाही तोवर मी उठणार नाही. फादरला सांगा उशीर होईल."

काकांनी कागदाची घडी केली. या घरात कुणाचा हट्ट कुणावर गेला होता ते पाहुण्यांना कळलं.

कॉन्रॅड पुढे झाला. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

चंद्रहास मागे, थंड पेयांच्या क्रेटपाशी उभा होता. त्याला दिसत होतं काय झालंय ते. भीती वाटली की अन्ननळी मूठ आवळते. हवा आत जात नाही, गेली तर वर येत नाही. कॉन्रॅड गिळत होता, पुन्हा गिळत होता. मानेवरचा रुमाल भराभर हलत होता. एका म्हातारीने उसासा टाकला. बाहेर बॅन्डवाल्याने उगाच बाजाची कळ दाबून पाहिली. ही शांतता आणखी थोडी लांबली असती तर कॉन्रॅड हात काढून घेणार होता आणि जन्मभर परत बोलणार नव्हता. चंद्रहासने असे दोघे पाहिले होते.

त्याने क्रेटमधली सोड्याची बाटली काढली, मोठा घोट घेतला. इस्त्रीचा सदरा, चाळीसेक पाहुणे, समोर दुसऱ्यांचा देव. मग त्याने पोटातून हाक घालावी तसा, आठ वर्षांतला सगळ्यांत दणदणीत ढेकर दिला.

"पाव!"

सगळी डोकी मागे वळली. पुढच्या म्हातारीने कपाळावर, छातीवर क्रूस केला. जॉयलचे काका शेजारच्याला म्हणाले, "कोण आहे हा? सकाळी सकाळी घेतलीय का?" कॅथरिनने पदर तोंडाला लावला.

कॉन्रॅडही वळला. पोरांना ताटावरून उठवणारी ती नजर त्याने चंद्रहासवर रोखली. चंद्रहास बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि मग कॉन्रॅडचे खांदे हलू लागले. स्वरयंत्र नसलेला माणूस हसतो तेव्हा आवाज येत नाही. खांदे उडतात, डोळ्यांना पाणी येतं, बघणाऱ्याला वाटतं रडतोय. कदाचित दोन्ही होतं. हसता हसता त्याची आवळलेली मूठ सुटली, आणि वर्गातल्या सवयीने, विचार न करता, त्याने उत्तर दिलं.

"पाव."

मग तो अल्ताराकडे वळला. "पित्याच्या," तो म्हणाला. ते प ने सुरू होत होतं. "आणि पुत्राच्या."

प्रार्थना सावकाश चालली. मधे मधे हवा घ्यायला तो थांबे, तेव्हा घरातला पंखा ऐकू येई. ज्यांना पहिले चार शब्द विचित्र वाटले, त्यांना पाचव्यापासून अर्थ लागू लागला. शेवटी मुलीचं नाव आलं. स्वराने सुरू होणारं नाव. वर्गात ते त्याला कधी धड आलं नव्हतं.

"लिसा," तो म्हणाला. "सुखी राहा."

"डॅडी," खाली मान घातलेल्या मुलीने म्हटलं, "पहिलं अक्षर राहिलं."

"एवढं चालतं गं," कॅथरिन म्हणाली.

"नाही चालत. त्यांनीच ठेवलंय नाव."

कॉन्रॅडने हवा घेतली. एकदा फसलं. दुसऱ्यांदा फसलं. तिसऱ्यांदा, मोडकं, खरखरीत, पण पुरं आलं: "एलिसा."

ती उठली. बॅन्ड एकदम सुरू झाला, बहुधा सुटकेने.

चंद्रहासला त्यांनी चर्चला नेलं, मग जेवायला बसवलं, आणि त्याला कुणी काही बोललं नाही, फक्त ती क्रूस करणारी म्हातारी जेवणात त्याच्या ताटात स्वतः आणखी वाढायला आली आणि ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोटाला जपा बाबा." निघताना कॉन्रॅडने रिक्षात राजेळीचा घड ठेवला. बोलला काही नाही. दोघांचीही हवा संपली होती.

चंदनसारला परत येईपर्यंत उन्हं कलली होती. मीरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. टीपॉयवर शाल, नारळ आणि काचेचं मानचिन्ह.

"झालं?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने घडाकडे, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"इथे काय झालं ऐका. तुम्ही नाही म्हणून हर्षवर्धनने तुमचा बॅनरवरचा फोटो छापून आणला, खुर्चीवर ठेवला आणि त्याला हार घातला. मी शेजारच्या खुर्चीवर. पांढरी साडी नेमकी. मग तो बोलला, संकटाला कसं सामोरं जावं हे ह्यांनी दाखवून दिलं वगैरे. मागून उशिरा आलेले दोघं सरळ स्टेजवर आले, फोटोला हात जोडले, आणि मला हळूच विचारलं, वहिनी, कधी गेले?"

"काय. सांगितलंस?"

"म्हटलं, सकाळीच. गिरीजला."

चंद्रहासचे खांदे बराच वेळ हलत राहिले. मग थांबले. तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटले. अंग आंबून गेलं होतं. पोटात सकाळच्या सोड्याने अजून कळ येत होती. रोनाल्ड सरांची साखर त्याला उगाच आठवली.

"आणि ते जाहीर करायचं राहिलंच," मीरा म्हणाली. "पुढच्या वर्षी परत सत्कार आहे म्हणे. तेव्हा करा."

त्याने फोन काढला, चष्मा शोधला. अर्नाळ्याच्या पेशंटबद्दलचा मॅडमचा मेसेज खाली खाली गेला होता. वर लोकांनी हार घातलेल्या फोटोखाली हात जोडलेली चित्रं पाठवली होती. त्याने ती सगळी सरकवली आणि एका बोटाने लिहिलं, 'पाठवा. म्हणावं, उपाशी पोटी येऊ नका.'

"सोडा संपलाय," मीरा म्हणाली. "किती क्रेट सांगू?"

त्याने फोनवरून नजर न काढता दोन बोटं वर केली.